पाच फूट किंवा मुरूम लागेपर्यंत

गुरुजींचा पहिला फोन भेगांसाठी आलाच नव्हता, दारासाठी आला होता. "साहेब, मागच्या खोलीचं दार लागंना झालंय. सुताराला दोनदा बोलावून रंधा मारून घेतला. पुन्हा तेच." ही २०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. पावसाळ्यात लाकूड फुगून दार अडकतं, ते समजू शकतो. पण त्या वर्षी मराठवाड्यात ऑगस्ट कोरडा गेला होता आणि डिसेंबरात हवा कडकडीत होती. अशा वेळी दार अडकलं तर दोष लाकडाचा नसतो, चौकट तिरकी झालेली असते. आणि चौकट आपल्या मनानं तिरकी होत नाही.

लातूर शहराच्या कडेची नवी वसाहत. ४० बाय ५० चा प्लॉट, त्यावर १,२५० चौरस फुटांचं एकमजली घर. मालक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गल्लीत सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, मीही तेच म्हणेन. समोरची बाजू गुत्तेदाराची. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: हा शब्द निजामाच्या राजवटीतून आमच्याकडे राहिलाय. पाटीवर 'कॉन्ट्रॅक्टर' लिहिलेलं असतं, तोंडात 'गुत्तेदार'च असतो. या गुत्तेदाराचा धाकटा भाऊ गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. त्या ओळखीवरच काम दिलं गेलं, आणि करारही त्या ओळखीइतकाच सैल झाला.

मी गुरुजींच्या बाजूचा अभियंता म्हणून या प्रकरणात होतो, हे आधीच सांगून टाकतो. तरीही गुरुजी सोळा आणे खरे आणि गुत्तेदार सोळा आणे खोटा, असं हे प्रकरण नव्हतं. ग्राहक आयोगालाही तसं वाटलं नाही.

करार

शंभर रुपयांचा बाँड, दीड पान मजकूर. दर १,४५० रुपये चौरस फूट, मालासकट. म्हणजे एकूण १८,१२,५०० रुपये. पाणी आणि वीज मालकाची. नळ कुठल्या कंपनीचे, फरशी चौरस फुटाला किती रुपयांपर्यंतची, किचन ओट्याला कुठला ग्रॅनाइट, खिडक्यांच्या जाळ्या कशा, याच्या बारा ओळी. पायाबद्दल मात्र एकच ओळ: "पाया पाच फूट किंवा मुरूम लागेपर्यंत."

पुढची दीड वर्षं ज्यावर भांडण चाललं तो शब्द हाच, 'किंवा'. गुत्तेदार म्हणणार, पाच फूट सांगितले होते, पाच फूट खोदले. गुरुजी म्हणणार, मुरूम लागेपर्यंत जायचं ठरलं होतं. आणि पाच फूट कुठून मोजायचे, जुन्या जमिनीपासून की भराव टाकल्यानंतरच्या अंगणापासून, हे त्या ओळीत नव्हतंच.

आमच्या भागात याला एक पार्श्वभूमी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, दगडमातीच्या भिंतींखाली जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हापासून लातूर-धाराशिवकडचा माणूस घर बांधताना आधी कॉलम मोजतो. सळई किती एमएमची, रिंगा किती अंतरावर, हे विचारणारे अशिक्षित मालकही मी पाहिलेत. त्यात चूक काहीच नाही. पण जमिनीच्या वरचं सगळं पाहणारा हाच माणूस खड्ड्यात डोकावत नाही. 'कॉलम टाकलेत ना, मग झालं.' कॉलम कशावर उभा आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

काळी माती कापसाला आणि तुरीला सोन्यासारखी, घराला वैरीण. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि फाटते. वरच्या थरात हा फुगण्या-आक्रसण्याचा खेळ दरवर्षी चालतो. खोल गेलं की ओलावा फारसा बदलत नाही, तिथली माती त्या मानाने गप्प असते. म्हणून एकतर काळी माती पार करून मुरमावर बसायचं, नाहीतर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी रुजवलेले, बुडाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे. हे पाइल साधारण साडेतीन मीटर खोल नेतात. तिसरा रस्ता म्हणजे नशीब.

खड्डा

घरी गेलो तेव्हा भेगा होत्याच, फक्त दिसत नव्हत्या. दिवाळीआधी गुरुजींनी पेंटर लावून त्या पुट्टीने भरून घेतल्या होत्या, वर रंगही मारला होता. कपाळावर हात मारायची वेळ. भेग हा पुरावा असतो: कुठून निघाली, कुठे रुंद, कुठे बारीक, कडा धुळीने काळवंडलेल्या की ताज्या. पुट्टी भरली की अर्धी गोष्ट पुसली जाते. गुरुजींची बायको म्हणाली, "पाहुणे येणार होते दिवाळीला. असं घर दाखवायचं का?" यावर काय बोलणार.

पण पुट्टीने उलट मदतच केली. उत्तरेच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी गेलेली केसाएवढी भेग पुट्टी फाडून पुन्हा वर आली होती. पेंटरच्या बिलावर नोव्हेंबरची तारीख होती. म्हणजे महिन्याभरात भिंत पुन्हा हलली होती. जुनी भेग सगळ्याच घरांत असते, गिलाव्याची म्हणून ती झटकता येते. तारीख लागलेल्या पुट्टीला फाडणारी भेग झटकता येत नाही. तिच्यावर तीन ठिकाणी आडव्या काचपट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर मार्करने तारीख टाकली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मधली पट्टी तडकली. गुरुजींचा फोन: "साहेब, भेगा वाढू लाल्यात. काच फुटली."

मग उत्तरेच्या भिंतीलगत, मधल्या कॉलमशेजारी खड्डा घ्यायचं ठरलं. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून गुत्तेदाराला आठ दिवस आधी रजिस्टर पोस्टाने कळवलं: अमुक दिवशी खोदतोय, हजर राहा. तो स्वतः आला नाही, पण त्याने त्याच्या मिस्त्रीला पाठवलं. ती त्याची मोठी चूक ठरली, कारण त्या दिवशी काय निघालं यावर नंतर कुणालाच वाद घालता आला नाही.

खड्डा तीन बाय तीनचा. वरून दीड फूट पिवळसर मुरूम, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या गोणीचा धागा. त्याखाली काळी माती. तिच्या उभ्या भेगांत बोट जात होतं. कॉलमचं फुटिंग, म्हणजे कॉलमच्या बुडाचं रुंद काँक्रीट, लागलं. त्याचं बूड वरच्या अंगणापासून मोजलं तर पाच फूट एक इंच. मिस्त्री लगेच म्हणाला, "बघा की साहेब, पाच फूट. वर एक इंच जास्तच दिलाय."

आणि तो खरं बोलत होता. टेप खोटा नव्हता.

फुटिंगखाली पहार मारली. पहार मऊ गेली, अजून काळीच माती. तशीच खोदत गेलो तेव्हा आठ फूट दोन इंचावर मुरूम लागला, पहारेचा आवाज बदलला. दुपारी दक्षिणेच्या बाजूला दुसरा खड्डा घेतला. तिथे मुरूम चार फुटांवर, आणि फुटिंग मुरमात फूटभर आत. एकाच घराचा अर्धा भाग मुरमावर आणि अर्धा मातीत. दुष्काळात माती आक्रसली तसा उत्तरेचा भाग खाली बसला, दक्षिणेचा जागचा हलला नाही, आणि मधल्या भिंती तिरप्या चिरल्या. शेजारच्या म्हातारबांनी कारणही सांगितलं: प्लॉटिंग होण्याआधी तिथून एक ओघळ जायची. ती बुजवून लेआउट पाडलेला.

राहता राहिला तो वरचा दीड फूट. गुत्तेदाराचे पाच फूट त्या दीड फुटाला धरून होते. फुटिंग भरलं तेव्हा हा भराव तिथे होता का? असेल तर करार पाळला गेला. नसेल तर पाया जेमतेम साडेतीन फूट.

वही

गुरुजींकडे वही होती. दोनशे पानी, शाळेत हजेरीच्या शिस्तीने लिहिलेली. कोणत्या दिवशी किती गवंडी, किती बिगारी, सिमेंटच्या किती गोण्या उतरल्या, गुत्तेदाराला किती दिले, फोनवर काय बोलणं झालं. पायाचं काँक्रीट जानेवारी २०२२ च्या पानावर. आणि एप्रिल २०२२ च्या पानावर: "अंगणात भराव. मुरूम ट्रॅक्टर १२ खेपा."

एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. बारा खेपा म्हणजे १,२०० घनफूट. प्लॉट २,००० चौरस फुटांचा, घर वजा जाता अंगण ७५०. भागिले तर १.६ फूट, दाबल्यावर दीड फूट. खड्ड्यातला थर आणि वहीतल्या खेपा जुळल्या. पाया भरल्यानंतर तीन महिन्यांनी अंगण दीड फूट उचललं गेलं होतं, आणि त्याच उचललेल्या अंगणापासून पाच फूट मोजले जात होते. दक्षिणेला मूळ जमिनीपासून अडीच फुटांवर मुरूम लागला, गुत्तेदार आणखी फूटभर गेला, आणि जेसीबी वाचवण्यासाठी तीच पातळी उत्तरेलाही ठेवली. माझा अंदाज असा, आणि पुढे आयोगाने पाहणीसाठी नेमलेल्या कमिशनरनेही जवळपास हेच लिहिलं.

आम्ही खुशीत होतो. वकीलसाहेब म्हणाले, हवी ती चार पानं झेरॉक्स करून लावू. गुरुजी अडले. "वही दिली तर अख्खी देईन. चार पानं फाडून दिली तर ती वही कसली?" वकीलसाहेबांनी समजावलं, मीही समजावलं. ऐकलं नाहीत. अख्खी वही दाखल झाली.

समोरच्या वकिलांना त्यात पायाच्या आदल्या दिवसाची ओळ सापडली: "गु. म्हणतात उत्तरेला मुरूम नाही, आणखी ३ फूट जावं लागेल. ४०,००० जादा. नाही म्हटलं, करारात बसवा."

मी ही ओळ तोवर वाचली नव्हती. गुरुजी विसरले होते, किंवा विसरलो असं त्यांना वाटत होतं. समोरची बाजू उड्या मारू लागली: मालकाला धोका सांगितला होता, मालकानेच चाळीस हजारांसाठी नाही म्हटलं. हा बिनतोड बचाव वाटत होता. आमच्या वकीलसाहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि शांतपणे म्हणाले, "यात लिहिलंय की गुत्तेदाराला माहीत होतं. मुरूम लागला नाही हे त्यालाच आधी माहीत होतं." मालक नाही म्हणाला तर काम थांबवता येतं, लेखी घेता येतं, 'माझी जबाबदारी नाही' असं चिठ्ठीवर सही करून घेता येतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. मुरूम लागला नाही हे ठाऊक असताना त्याने मातीवर फुटिंग भरलं. एकाच ओळीवर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला. कोर्टकचेरीत माझी बरीच वर्षं गेली, पण असं मी क्वचितच पाहिलंय.

फरशीचा मुद्दा त्या मानाने सोपा होता. हॉलमध्ये फरश्यांवर रुपयाचं नाणं वाजवत गेलो, निम्म्याहून अधिक पोकळ वाजल्या. दोन फरश्या उचलल्या. दोन इंच मुरूम, त्याखाली काळी माती. पाया खोदताना निघालेली मातीच जोत्यात ढकलली होती. करारात "जोत्यात मुरूम भरून धुमस करणे" असं स्पष्ट होतं. टेप लावून फोटो काढले, वकिलांनी त्यांना तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं ६५-ब चं प्रमाणपत्र जोडलं, विषय संपला.

स्लॅबवर मात्र आम्ही हरलो, आणि हरायलाच हवं होतं. न्हाणीघराच्या छताला गंजाचा तांबूस डाग होता. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी पडल्याचा मला संशय होता. काँक्रीट कच्चं असल्याचाही. काँक्रीटवर आपटून ताकदीचा अंदाज देणारा रिबाउंड हॅमर मी मारला, आकडे कमी आले. समोरच्या वकिलांनी भारतीय मानक ब्युरोचीच संहिता काढून दाखवली: हॅमरवरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात पंचवीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेले काँक्रीटचे गोल तुकडे, काढून दाबून पाहिले असते तर प्रश्न मिटला असता. पण कोअर काढणं, ते प्रयोगशाळेत पाठवणं, याचा खर्च ऐकून गुरुजी म्हणाले, "राहू द्या, हॅमर आहे ना." पुढे वहीनेच दुसरा घाव घातला. स्लॅब मार्चअखेरीस पडला होता. कडक उन्हात किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं, आणि पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंटला चौदा दिवसांपर्यंत न्यावं अशी काँक्रीटच्या आयएस ४५६ या संहितेची शिफारस आहे. वहीत पाण्याचे टँकर सहा, दिवस सहा. आणि करारानुसार पाणी मालकाचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात टँकर वाचवला म्हणून मी कुणाला बोल लावणार नाही. पण स्लॅब कच्चा राहिला असेल तर तो कुणामुळे, याचं उत्तर आमच्या बाजूने जात नव्हतं.

कुठे जायचं

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिला सल्ला पोलीस ठाण्याचा. 'चारशेवीस टाका त्याच्यावर.' गुरुजी जाऊन आले. अर्ज घेतला आणि 'दिवाणी स्वरूपाचा वाद' असं सांगून परत पाठवलं. माझ्या मते ते बरोबरच होतं.

दुसरा सल्ला रेराचा. हा गैरसमज इतका पसरलाय की इथे थोडं थांबतो. २०१६ चा रेरा कायदा विकण्यासाठी बांधणाऱ्याला, म्हणजे प्रवर्तकाला लागू होतो. नोंदणी झालेल्या प्रकल्पात तुम्ही फ्लॅट किंवा रो-हाउस घेतलं असेल तर कलम १४(३) भक्कम आहे: ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई. पण स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदाराकडून घर बांधून घेतलं तर कुणी कुणाला काही विकलेलंच नसतं. गुरुजींना तिथे दारच नव्हतं. जाता जाता आणखी एक: जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर प्रकल्पाच्या नोंदणीचीही सक्ती नाही. आमच्या गावांत कडेकडेने उठणाऱ्या चार-सहा रो-हाउसच्या स्कीम बऱ्याचदा याच मापात बसवलेल्या असतात. तिथे घेणाऱ्यांनी १९६३ चा जुना मोफा कायदा विसरू नये. त्यात दोष कळवायला ताब्यापासून तीन वर्षं आहेत.

दिवाणी दावा लावता आला असता. कोर्ट फी आणि तारखा पाहून वकीलसाहेबांनी तो नाद सोडायला सांगितला.

उरला ग्राहक आयोग. लोक अजून 'ग्राहक मंच'च म्हणतात, २०१९ च्या कायद्याने नाव बदललंय. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्येच ठरवलंय, त्यामुळे 'गुरुजी ग्राहक नाहीत' हा समोरचा पहिला मुद्दा फार टिकला नाही. दिलेला मोबदला पन्नास लाखांच्या आत, म्हणून जिल्हा आयोग. गुरुजींनी १६,९०,००० दिले होते, शेवटचे १,२२,५०० अडवून ठेवले होते. दहा ते वीस लाखांच्या टप्प्याला फी ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. २०२२ च्या दसऱ्याला गृहप्रवेश, तक्रार मार्च २०२४ मध्ये. गृहप्रवेशापासून मोजा की भेगांपासून, मुदतीत.

मागणी ९,७०,००० ची होती: उत्तरेच्या पाच कॉलमखालचा पाया मुरमापर्यंत नेण्याचे ४,२०,०००, जोतं उपसून फरशी नव्याने टाकण्याचे १,८५,०००, स्लॅबचे २,४०,०००, मानसिक त्रासाचे १,००,००० आणि खर्चाचे २५,०००. स्लॅबचा आकडा टाकू नका असं मी म्हटलं होतं. पण मागताना कमी मागायचं नाही हा वकिलीतला जुना नेम.

सुनावणी आणि निकाल

गुत्तेदाराचा लेखी जबाब एक्केचाळिसाव्या दिवशी आला. तीस दिवस आणि वर सवलतीचे पंधरा, एवढीच मुभा असते. त्यापुढे एक दिवसही नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पक्कं केलंय. आणखी पाच दिवस गेले असते तर त्याची बाजू कागदावर आलीच नसती.

त्याचं म्हणणं तीन गोष्टींचं. दुष्काळाने सगळ्या जिल्ह्याची जमीन फाटली, तो काही देव नाही. मालकाने जादा पाया नाकारला. आणि तिसरं, केळी. उत्तरेच्या भिंतीपासून चार फुटांवर गुरुजींनी केळीचे खुंट लावले होते, न्हाणीघराचं सांडपाणी तिकडे सोडलं होतं. समोरच्या बाजूने फोटो लावला: हिरवीगार केळी, शेजारी ओली माती, मागे भेगाळलेली भिंत. फोटो चांगला होता. कोपऱ्याची माती रोज ओली आणि बाकीची कोरडी, म्हणजे हालचाल आणखी वेडीवाकडी. तांत्रिकदृष्ट्या त्याला उत्तर नव्हतं. उलटतपासाची प्रश्नावली आली त्यात मला विचारलं होतं, 'केळीमुळे भेगा वाढू शकतात का?' मी लिहिलं, 'होय, वाढू शकतात. सुरू मात्र झाल्या नसत्या.'

ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाने नेमलेले कमिशनर आले, अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक. त्यांनी आमचेच दोन खड्डे पुन्हा उघडले, तिसरा स्वतःच्या मनाने ईशान्य कोपऱ्यात घेतला, मातीचा नमुना नेला. त्यांच्या अहवालातलं एक वाक्य निकालात जसंच्या तसं उतरलं, त्याचा आशय असा: दुष्काळ हे कारण नाही, दुष्काळ ही कसोटी आहे, आणि पाया खोल न्यायचा तो त्यासाठीच.

जून २०२५ मध्ये निकाल लागला. 'किंवा'चा अर्थ आयोगाने असा लावला की पाच फूट ही किमान खोली आणि मुरूम हे उद्दिष्ट. 'जे आधी येईल ते' असं करारात लिहिलेलं नाही, आणि संशय असेल तर करार लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जावा. बाँडवरचा मजकूर गुत्तेदाराच्या माणसाने लिहिला होता. शिवाय मूळ जमिनीपासून पाच फूटही भरत नव्हते. जादा खर्च मालकाने नाकारला म्हणून जाणकार माणसाला चुकीचं काम करायची मुभा मिळत नाही. पण नकार आणि सांडपाणी या दोन्हींमुळे मालकाचा वाटा एक तृतीयांश धरला. पायाचे ४,२०,००० पैकी २,८०,००० मंजूर. जोत्याचे पूर्ण १,८५,०००. स्लॅबचे शून्य. त्रासाचे २०,०००, खर्चाचे ७,०००. बेरीज ४,९२,०००, त्यातून अडवलेले १,२२,५०० वजा. म्हणजे ३,६९,५०० रुपये पंचेचाळीस दिवसांत, नाहीतर त्यावर व्याज.

गुरुजींना पहिल्यांदा हा निकाल अपमानासारखा वाटला. एक तृतीयांश दोष आपला, हे त्यांना पचेना. चाळीस हजारांच्या नकारापायी आपले एक लाख चाळीस हजार कापले गेले, हा हिशोब त्यांनी स्वतःच मला करून दाखवला.

गुत्तेदाराला राज्य आयोगाच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिक्रमा खंडपीठात अपील करायचं होतं. पण जिल्हा आयोगाच्या निकालावर अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणजे १,८४,७५०. शिवाय ये-जा आणि वकील. त्याचा धाकटा भाऊ, गुरुजींचा विद्यार्थी, एका संध्याकाळी एकटाच घरी आला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, वहीत असेल. आठवड्याने तीन लाखांवर तडजोड झाली, दोन चेक, दोन्ही वटले. वसुलीची दरखास्त लावून पुढची दोन वर्षं घालवण्यापेक्षा साडेएकोणसत्तर हजार सोडलेले बरे, असं मीही म्हटलं होतं.

दिवाळीनंतर दुरुस्ती केली. पाचही कॉलम एकदम उघडायचे नसतात. एक सोडून एक, दोन्ही बाजूंना टेकू देऊन. एकेक खड्डा आठ फुटांवर मुरमात नेला, काँक्रीटने भरला, आठ दिवस थांबलो, मग पुढचा. गुरुजी प्रत्येक खड्ड्यात स्वतः शिडीने उतरले, पहार मारून आवाज ऐकला आणि वर येऊन वहीत खोली लिहिली. केळी काढली, सांडपाण्याला पाइप टाकून रस्त्याच्या गटारीपर्यंत नेलं. मागच्या खोलीचं दार नव्या चौकटीत बसवलं.

परवा नव्या काचपट्ट्या बघायला गेलो. उत्तरेच्या भिंतीवरच्या तिन्ही शाबूत. निघताना न्हाणीघरात डोकावलो. छताचा तांबूस डाग तळहाताएवढा होता, तो आता ताटलीएवढा झालाय.

"गुरुजी, आता तरी कोअर काढून घेऊ या."

"किती लागतील?"

सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं.